वानर मेलं की कळवा म्हटलं, आणि पत्रंच पत्रं: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शेळ्यांच्या लसीकरणावर लिहिताना शेवटी जाता जाता मी एक ओळ टाकली होती, की रानात वानर मरून पडलेलं दिसलं तर हात न लावता कळवा. अख्ख्या लेखावर दोन पत्रं आली आणि त्या एका ओळीवर एवढी आली की संपादक आधी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवत होते, मग कंटाळून त्यांनी पिशवीच पाठवून दिली. बहुतेक पत्रं आदिवासी पट्ट्यातली, दोडामार्ग, मोखाडा, धडगाव, नवापूर, गडचिरोली, आणि एक चक्क कॅनडातून. मी जनावरांची डॉक्टर, सगळी नोकरी पशुधन विकास अधिकारी म्हणून अशाच तालुक्यांत गेली, त्यामुळे माणसाला गोळी देणं माझं काम नाही आणि मी देणारही नाही, पण जनावराकडून आजार माणसाकडे कसा येतो ते सांगू शकते. पत्रं जरा कापलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: मॅडम, आमची काजूची बाग डोंगराला लागून आहे. वरच्या अंगाला महिन्याभरात दोन वानरं मेलेली मिळाली, दुसरं परवाच. सासरे म्हणतात गप बसा, फॉरेस्टवाले आले की चौकश्या होतात, तुम्हीच मारलं म्हणतील. काजू गोळा करायला येणाऱ्या बायका धनगरवाड्यातल्या आणि कातकरी वाडीवरच्या आहेत, त्यांना सांगू की नको? वानरामुळे खरंच ताप येतो का? (एक बागायतदार बाई, दोडामार्ग तालुका)

उत्तर: ताई, तुम्हाला त्याच दिवशी फोन केला होता, तरी बाकीच्यांसाठी लिहिते. त्या बायकांना सगळ्यात आधी सांगायचं, सासऱ्यांना समजावत बसायच्याही आधी, कारण त्या जागी वाकून बोंडू वेचणार आहेत त्या, सासरे नाही.

हा माकडताप. पुस्तकातलं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, कारण १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. तिथे आधी वानरं पटापट मरायला लागली आणि पाठोपाठ गावातली माणसं तापली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची, म्हणजे आताच्या एनआयव्हीची माणसं तिथे गेली तेव्हा आधी वाटलं आफ्रिकेतला यलो फीव्हर भारतात शिरला की काय, कारण त्यातही माकडं मरतात. निघाला नवाच व्हायरस, रशियाकडच्या गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराचा नातेवाईक. मग बरीच वर्षं तो शिमोग्याच्या आसपासच राहिला आणि आपण निवांत होतो, पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत तो सह्याद्रीच्या कडेकडेने चालत सुटला. २०१२ला बंदीपूरकडे मेलेली माकडं उचलून जाळणारे फॉरेस्टचे लोक आजारी पडले, मग केरळात वायनाडला आला आणि तिथे सगळ्यात जास्त मार बसला तो जंगलात मध, लाकूड गोळा करणाऱ्या आदिवासींना, २०१५ला गोव्यात सत्तरीच्या पाली गावात, २०१६ला तुमच्या दोडामार्गात.

आता नीट समजून घ्या, वानर आजार देत नाही. वानर स्वतःच आजारी पडून मरतं, तुमच्यासारखंच. आजार देते गोचीड. वानर जिवंत असतं तोवर त्याच्या अंगावरच्या गोचिडी त्याचं व्हायरस असलेलं रक्त पितात, ते मेलं की अंग थंड पडतं आणि त्या उतरून आजूबाजूच्या पालापाचोळ्यात बसतात, म्हणजे मेलेल्या वानराभोवतीची जागा सापळा होते. तिथून गुरं जावोत, कुत्रा जावो की पातेरा गोळा करणारी बाई जावो, वाट बघत बसलेलीच असते. आणि गोचीड म्हणजे बैलाच्या कानात दिसते तशी टम्म फुगलेली डोळ्यापुढे आणू नका. माणसाला चावते ती पिल्लावस्थेतली, राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, पोटरीवर बसली तर धूळ समजून झटकाल. ही पिल्लं जंगलात भरपूर असतात नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत, आणि काजूचा सीझन, पातेऱ्याचा सीझन, लाकूडफाट्याचा सीझन कधी? तेव्हाच. दुर्दैव म्हणा नाहीतर काही म्हणा.

चावल्यावर साधारण ३ ते ८ दिवसांत एकदम सणकून ताप, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, उलट्या, काहींना नाका-हिरड्यांतून रक्त. काहींचा ताप उतरतो, माणूस उठून कामालाही लागतो आणि एक-दोन आठवड्यांनी परत ताप येऊन मान आखडणं, बरळणं सुरू होतं, त्यामुळे बरं वाटलं म्हणून गाफील राहायचं नाही. शंभरात तीन ते पाच जण दगावतात. व्हायरस मारेल असं खास औषध नाही पण सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, वेळेत अॅडमिट होणं यानेच बहुतेक माणसं वाचतात. म्हणून पीएचसीत गेल्यावर नुसतं ताप आलाय म्हणू नका, जंगलात जाते आणि आमच्याकडे वानर मेलंय हे वाक्य म्हणा. त्या वाक्याने डॉक्टरचं डोकं वेगळ्या दिशेने चालतं आणि रक्त टेस्टला जातं. अंगदुखीवर मेडिकलमधून मनाने गोळ्या घेऊ नका, काही पेनकिलरने रक्तस्राव वाढतो. माणसाकडून माणसाला हा ताप जात नाही, तेव्हा आजारी बाईला वाडीबाहेर बसवण्याचे उद्योग करू नयेत. लस होती, पण ती म्हणावी तशी काम करत नाही म्हणून २०२२च्या सुमारास बंद केली, नवीनवर काम चालू आहे.

तोवर करायचं काय, तर मेलेल्या वानराला हात लावायचा नाही, ओढून नेऊन पुरायचंही नाही, आरोग्य केंद्राला, आशाताईला किंवा जनावरांच्या दवाखान्याला कळवायचं, ते येऊन सॅम्पल घेतात आणि आजूबाजूला पन्नासेक फुटांत गोचीड मारायची पावडर मारतात. जंगलात जाताना लांब बाह्या, पाय झाकलेले, उघड्या अंगाला डेपा तेल, म्हणजे गोचीड बसू नये म्हणून लावायचं तेल, लावून (या भागात सीझनला वाटतात, नाही वाटलं तर जाऊन मागा, हक्काने मागा), पातेऱ्यावर बसायचं-लवंडायचं नाही, घरी आल्या आल्या कपडे गरम पाण्यात आणि अंघोळ. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची. बिडीचा चटका नको, रॉकेल नको, नखाने फोडणं तर अजिबात नको.

आणि सासऱ्यांना सांगा, मेलेलं वानर कळवणं हा गुन्हा नाही. त्यांची भीती मला कळते पण. तुमच्याच जिल्ह्यात वानरमारे म्हणून जो समाज आहे त्यांच्या नावातच आपण लोकांनी शिक्का मारून ठेवलाय, एके काळी बागायतदारच त्यांना वानरं हाकलायला बोलवायचे, १९७२ला वन्यजीव कायदा आला आणि तीच माणसं गुन्हेगार ठरली. अशा माणसाने मेलेलं वानर बघितलं तर तो फॉरेस्ट ऑफिसला फोन करेल का? तो वाट वाकडी करून निघून जाईल. सगळ्यात आधी ज्याला दिसतं त्यालाच बोलायची चोरी आहे.

प्रश्न: मी मोखाड्याकडे आश्रमशाळेत शिक्षक आहे. जुलैत लावणीला घरी गेलेली पोरं ऑगस्टमध्ये तापाने फणफणत परत येतात, मागच्या वर्षी दोघांना लेप्टो निघाला. स्टाफरूममध्ये लगेच सुरू झालं, हे लोक उंदीर खातात, होणारच. मला काय उत्तर द्यावं कळेना. खरं आहे का हे? (एक शिक्षक)

उत्तर: सर, उत्तर सोपं आहे, मुंबईचं उदाहरण द्या. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, तेव्हा दादर-अंधेरीच्या लोकांना कुणी विचारलं का हो, तुम्ही उंदीर खाता का म्हणून?

लेप्टोचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात आणि मुतातून बाहेर पडतात. नुसत्या उंदराच्या नाही, गाय, म्हैस, डुक्कर, कुत्रा सगळ्यांच्या. ते साचलेल्या पाण्यात, चिखलात आठवडेच्या आठवडे टिकतात आणि माणसाच्या अंगात शिरतात ते भेगाळलेल्या पायातून, जखमेतून, डोळ्यातून. लावणीला माणूस दिवसदिवस अनवाणी चिखलात उभा असतो, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात, कातडी पांढरी पडून सोललेली, जंतूला दार उघडंच. त्याच चिखलात जमिनीचा मालक उतरला तर त्यालाही होईल, तो बांधावर छत्री घेऊन उभा असतो म्हणून होत नाही एवढंच. शिजवलेल्या मांसात हा जंतू राहत नाही. हां, उंदीर पकडताना, सोलताना हाताला कापलेलं असेल तर धोका आहे, ते मान्य, ते मुलांना जरूर सांगा, पण ते सांगताना नाक मुरडू नका. कातकरी शेतातला उंदीर खातो, शेतातला, धान्यावर पोसलेला, आणि बिळातून किलोकिलो भात परत काढतो, हे काम शेतकऱ्याच्याही फायद्याचंच होतं.

ताप, त्याबरोबर पोटऱ्या दाबल्या तरी ओरडतील इतक्या दुखणं, डोळे लाल, मग डोळ्यात पिवळेपणा, लघवी कमी, एवढं लक्षात ठेवा आणि पोराला लगेच न्या, लवकर गेलं तर साध्या अँटिबायोटिकने बरा होणारा आजार आहे, उशिरा गेलं की किडनी बसते. साथीच्या भागात आरोग्य खातं लावणीच्या दिवसांत आठवड्याला एक डोस देतं, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने.

तुमच्या स्टाफरूमसाठी एक गोष्ट अजून. अमेरिकेत चार राज्यांच्या सीमा मिळतात तिथे नवाहो आदिवासींचा मोठा प्रदेश आहे. १९९३च्या मे महिन्यात तिथे धडधाकट तरुण माणसं एक-दोन दिवसांत श्वास कोंडून मरायला लागली. पेपरवाल्यांनी लगेच नाव दिलं, नवाहो फ्लू. झालं, त्यांची शाळेतली पोरं कुठे गेली तर लोक दूर सरकायला लागले. तपास करणारे डॉक्टर शेवटी नवाहो म्हाताऱ्यांकडे जाऊन बसले तेव्हा म्हातारे म्हणाले, पाऊस-बर्फ चांगला झाला की पिनियनच्या बिया खूप लागतात (आपल्या चिलगोज्याच्या जातीतल्या), बिया लागल्या की उंदीर वाढतात, आणि उंदीर घरात शिरले की असं मरण येतं, याआधीही आलंय. उंदीर घराबाहेरचा प्राणी, त्याला घरात येऊ द्यायचं नाही, असं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. प्रयोगशाळेतून पुढे तेच निघालं, एक हंताव्हायरस, हरणउंदीर म्हणतात त्या रानउंदराच्या वाळलेल्या लेंड्या-मुतातून धुळीबरोबर नाकात जाणारा. त्याला आधी जागेचं नाव द्यायला निघाले, लोकांनी विरोध केला, शेवटी स्पॅनिशमध्ये सिन नोम्ब्रे ठेवलं, म्हणजे बिननावाचा. आपल्या मिझोराममध्येही बांबू फुलला की उंदीर वाढणार हे मिझो लोकांना आधीच माहीत असतं, त्याला ते माउताम म्हणतात. तर सर, उंदरांबद्दल स्टाफरूमपेक्षा वाडीला जास्त कळतं, पोरांच्या आजोबांना विचारून बघा यंदा उंदीर किती आहेत.

प्रश्न: योजनेतून आम्हाला दहा शेळ्या आणि एक बोकड मिळाला. त्यातल्या चार शेळ्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गाभडल्या. त्या साफ करणं, जार (वार) ओढून काढणं बाबाच करायचे. आता बाबांना तीन महिने ताप येतो-जातो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर धरते. टायफॉइडची औषधं दोनदा झाली, टीबीची टेस्ट निगेटिव्ह आली. शेळ्यांचा आणि बाबांचा काही संबंध असेल का? गावात म्हणतात कुणीतरी करणी केली. (बी.ए.चा विद्यार्थी, धडगाव)

उत्तर: असेल. आणि तू दोन गोष्टी एका पत्रात लिहिल्यास हेच फार मोठं काम केलंस, कारण तुझ्या बाबांनी डॉक्टरला शेळ्यांचं सांगितलंच नसणार, पैज लावते.

मला स्वतःला हा आजार झालाय, ब्रुसेला. नोकरीची पहिली वर्षं, एका पाड्यावर रात्री कंदिलाच्या उजेडात अडकलेला जार काढला, ग्लोव्ह्ज नव्हते, म्हणजे होते पण फाटके, आणि बोटाला चीर होती. दीड महिन्याने ताप सुरू झाला, संध्याकाळी चढायचा सकाळी उतरायचा, कंबर अशी धरायची की मोटारसायकलला किक मारता यायची नाही. मलाही टायफॉइडच म्हणाले आधी, एका डॉक्टरने तर मॅडम तुम्ही टेन्शन फार घेता असं सांगितलं. शेवटी मीच म्हटलं ब्रुसेलाची टेस्ट करा, आली पॉझिटिव्ह. मी जनावरांची डॉक्टर असून मला महिने लागले, मग तुझ्या बाबांचं काय.

गाभडलेल्या शेळीचा जार, पाणी, मेलेलं करडू यात हे जंतू खच्चून भरलेले असतात. हाताच्या चिरेतून, शिंतोड्यातून येतात, आणि कच्च्या दुधातूनही. तेव्हा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन सरळ सांग, शेळ्या गाभडल्या, बाबांनी हाताने काढलं, ब्रुसेलाची तपासणी हवी. निघाला तर दोन प्रकारच्या गोळ्या साधारण सहा आठवडे चालतात आणि इथेच लोक चुकतात, दहा दिवसांत बरं वाटलं की बंद, मग आजार परत उलटतो. शेळ्यांचं रक्त दवाखान्यातून तपासून घे, पॉझिटिव्ह निघाल्या तर त्या कळपात ठेवायच्या नाहीत, आणि बाजारात दुसऱ्याच्या गळ्यात मारायच्याही नाहीत, हे ऐकायला कडू आहे मला माहितीय, कारण योजनेतून शेळ्या वाटताना आधी रक्त तपासून वाटा हे मी मीटिंगमध्ये किती वेळा बोलले असेन, वाटपाच्या फोटोची घाई सगळ्यांना. पुढे कधी गाभडली तर हातात निदान प्लास्टिकच्या पिशव्या बांध, सगळं चुना टाकून खोल पुर, कुत्र्यांना टाकू नको, दूध उकळूनच. गायींच्या कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या असताना एकदा लस मिळते, शेजाऱ्यांना सांग.

करणीवाल्यांशी भांडत बसू नको. रिपोर्ट आला की दाखव.

प्रश्न: मी आशा आहे, छत्तीसगडच्या बॉर्डरकडचं गाव. बैल अचानक मेला तर गावात वाटून खातात. यावेळी ज्यांनी कापला त्यातल्या दोघांच्या हाताला काळी खपली आलीय, दुखत नाही म्हणतात म्हणून दाखवायला येत नाहीत. बैलाच्या नाकातून काळं रक्त आलं होतं. (गडचिरोली)

उत्तर: दुखत नाही हेच वाईट आहे. पत्र मिळाल्यावर तुमच्याकडच्या तालुका अधिकाऱ्यांना कळवायला लावलं, ते झालंय. ही काळपुळी असू शकते, जनावरात त्याला फाशी म्हणतात, अँथ्रॅक्स. काल चरत होतं आज मेलं, पोट फुगलेलं, नाका-गुदातून काळपट न गोठणारं रक्त, अंग ताठ होत नाही, असं जनावर दिसलं की सुरी लावायची नाही. कारण अंगातला जंतू हवेला लागला की स्वतःभोवती कवच करतो आणि त्या कवचात मातीत कित्येक दशकं पडून राहतो, शिजवून तो मरेलच असं नाही. अंगावरची खपली वेळेत अँटिबायोटिक मिळाली तर बरी होते, पोटात किंवा छातीत गेलं तर मात्र जीव जातो. मांस खाल्लेल्या सगळ्यांची यादी करा, पोटदुखी, उलटी, ताप विचारा. उरलेलं, वाळवायला टाकलेलंही, सहा फूट खोल, चुना टाकून, नाल्यापासून लांब. आणि गावच्या गुरांना लस, ती त्या भागात दरवर्षी पावसाळ्याच्या आधी व्हायला हवी.

आता लोकांना काय सांगायचं. अडाणीपणा म्हणून सांगू नका, मुळात ते खरंही नाही. ओडिशात कोरापूटला हे वारंवार होतं आणि दरवेळी बाहेरचे लोक हेच म्हणतात. ज्याचा नांगराचा बैल गेला त्याचं वर्ष गेलं, त्यातून निदान चार घरांच्या पोटात काही पडेल असा तो हिशोब असतो. मेलेलं टाकून द्या म्हणणाऱ्याने त्याला त्या दिवशी बदल्यात काय दिलं?

आणि सरकारं हुशार असतात असंही नाही. सैबेरियाच्या यामालमध्ये नेनेत्स आदिवासी रेनडियर पाळतात. तिथे बऱ्याच वर्षांत अँथ्रॅक्स दिसला नाही म्हणून २००७ला रेनडियरची लस थांबवली. २०१६च्या उन्हाळ्यात तिथे पारा ३५च्या घरात गेला, कायम गोठलेली जमीन खोलवर वितळली, जुने जंतू वर आले, दोन हजारांवर रेनडियर मेले आणि एक बारा वर्षांचा मुलगा गेला. मग धावत जाऊन लस पुन्हा सुरू. तुमच्या गावच्या लसीचं रजिस्टर कधीचं आहे ते एकदा बघा.

प्रश्न: मोहफुलं, तेंदूपत्त्याच्या वेळी काही होत नाही, पण पावसाळा संपता संपता आमच्याकडे तापाचे पेशंट वाढतात. डेंग्यू, मलेरिया निगेटिव्ह. स्क्रब टायफस म्हणजे हेच का? (गोंदिया)

उत्तर: असू शकतं. २०१८ला ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर भागात याचे बरेच पेशंट निघाले तेव्हा कुठे आपल्याकडे नाव माहीत झालं. उंदरांच्या अंगावर आणि झुडपात असणाऱ्या, डोळ्याला धड न दिसणाऱ्या किड्याचं पिल्लू चावून होतो. चावल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते, सगळ्यांना येत नाही, आणि आली तर अशा जागी की कुणी बघत नाही: काखेत, जांघेत, स्तनाखाली, नाडी बांधतो तिथे. पेशंट लाजतो, डॉक्टरला घाई असते. बाईला बाईने तपासावं, पण तपासावं. खपली सापडली तर निम्मं निदान तिथेच झालं, औषध स्वस्त आहे, दोन दिवसांत ताप उतरतो.

प्रश्न: कुत्रं चावल्यावर आमच्याकडे आधी भगताकडे नेतात. अडवलं तर माझंच ऐकत नाहीत. (जव्हार)

उत्तर: भगताकडे न्या, पण आधी नळाखाली. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं, घड्याळ लावून, तिखट नाही, चुना नाही, हळद नाही, टाके नाहीत. मग इंजेक्शनं, पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि रक्त निघालं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं सीरम, ते जवळ नसेल तर कुठे आहे ते विचारून तिथेच जायचं. रेबीज एकदा सुरू झाला की जवळजवळ कुणी वाचत नाही. मी एका भगतबाबांशी सरळ बोलले होते, म्हटलं तुमचा मान तुमच्याकडे, तुम्ही फक्त म्हणा की सुईचा कागद दाखवल्याशिवाय मंत्र लागत नाही. हसले, पण म्हणायला लागले. तसं बोलून बघा.

प्रश्न: पोल्ट्रीत रोग येतो आणि मारतात आमच्या गावठी कोंबड्या. आमच्या कोंबड्यांनी काय केलं? (नवापूर)

उत्तर: काही नाही केलं. २००६च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू तुमच्या नवापुरात निघाला तेव्हा मी त्या ड्युटीवर होते. लाखो कोंबड्या मारल्या. पांढऱ्या सूटमध्ये आम्ही पाड्यावर गेलो की पोरं पळायची. एका आजीने सहा कोंबड्या डालग्याखाली घालून वर गोधडी टाकून स्वतः त्यावर हात ठेवून बसली होती, आणि नेमकी त्यातली एक आरवली, कोंबडा होता तो. आजी माझ्याकडे बघत राहिली. भरपाई मिळते, पण पाहुणा आला, पोर आजारी पडलं, देवाला द्यायचं, या सगळ्याला ती कोंबडी असते, त्याची किंमत कुठल्या फॉर्मवर बसत नाही. तरी मी म्हणेन मारणं बरोबर होतं, कारण तो व्हायरस माणसात आला तर फार जीवघेणा आहे, आपल्याकडे पहिला माणूस, हरियाणातला एक लहान मुलगा, २०२१ला गेला. अंडी-चिकन नीट शिजवलेलं खायला हरकत नाही. आपोआप मेलेली कोंबडी मात्र घरात पिसं काढायला घेऊ नका, आणि एकदम तीन-चार मेल्या तर लपवू नका. आजीला सॉरी म्हणायचं राहिलं माझं.

प्रश्न: मी मॉन्ट्रियलला नर्स आहे, मूळची साताऱ्याची. दोन महिने उत्तर क्यूबेकमध्ये इनुइट या तिथल्या आदिवासींच्या वस्तीत ड्युटी होती. तिथे वॉलरसची (समुद्रातला मोठा सुळेवाला प्राणी) शिकार झाली की जीभ लॅबला पाठवतात, तोवर मांस वाटत नाहीत. जीभच का? आणि असं आपल्याकडे काही होऊ शकतं का?

उत्तर: वा, मस्त पत्र. वॉलरसच्या मांसात ट्रिकिनेला नावाची बारीक अळी असू शकते, ती सतत हलणाऱ्या स्नायूंत जास्त जमते, जीभ हलतेच आणि कापून पाठवायलाही सोपी. बर्फाळ भागातली ही अळी गोठवूनही मरत नाही आणि तिथे ते मांस कच्चं, आंबवून खातात, त्यामुळे आधी माणसं आजारी पडायची. मग नुनाविकमध्ये, म्हणजे उत्तर क्यूबेकच्या त्याच इनुइट भागात, १९९०च्या दशकात ही सोय झाली, शिकारी जीभ देतो, त्यांच्याच भागातल्या कूजुआकच्या लॅबमध्ये तपासतात आणि एक-दोन दिवसांत गावाला निकाल कळतो. खाऊ नका असं कुणी सांगितलं नाही, आधी बघू मग खा एवढंच. आणि मला त्यात सगळ्यात काय आवडतं तर निकाल परत त्या शिकाऱ्याकडे येतो.

दोडामार्गच्या ताईंनी शेवटी वानराचं कळवलं, माणसं आली, सॅम्पल नेलं, पावडर मारली. काल त्यांना मेसेज करून विचारलं, रिपोर्ट काय आला? त्यांचा रिप्लाय, "अजून कोणी काय सांगितलेला नाय. बायका रोज विचारतत."